पाटीआधी अंगण

जून महिना लागला की दवाखान्यात सर्दी-तापाच्या रुग्णांबरोबर आणखी एक तक्रार येऊ लागते. साडेतीन-चार वर्षांचे, अंगाने ठीक, डोळ्यांनी चौकस असे मूल आणि त्याला दंडाला धरून आणणारी आई. "डॉक्टर, हा एका जागी बसतच नाही. शाळेतून चिठ्ठी आलीय. बुद्धीचं काहीतरी टॉनिक लिहून द्या." सोबत आजी असली तर ती हळूच पुस्ती जोडते, "आमच्या पोरांना कुठं टॉनिक दिलं होतं? दिवसभर होडीवर नाय तर रेतीत!" आई तिच्याकडे रागाने बघते. मी तपासतो. वजन, उंची, कान, डोळे, जिभेचा नि पापणीचा रंग. बहुतेक वेळा काहीही सापडत नाही. तोवर त्या मुलाने माझे स्टूल दोनदा फिरवून, खिडकीच्या कट्ट्यावर चढून खाली उडीही मारलेली असते.

अशा मुलाला आजार नसतो. त्याचे वय साडेतीन असते, एवढेच.

गेली काही वर्षे आपल्याकडे एक समज घट्ट बसत चालला आहे. हालचाल म्हणजे खेळ, खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, आणि शिकणे म्हणजे पाठ ताठ करून बाकावर बसणे. तीन वर्षांच्या मुलाच्या दप्तरात चार वह्या असतात. घरी आल्यावर गृहपाठ असतो. तो करताना मूल उठू नये म्हणून समोर मोबाइल ठेवला जातो. एक डॉक्टर म्हणून माझे मत स्पष्ट आहे. या वयात मुलाला बसवून ठेवणे म्हणजे त्याचे शिक्षण थांबवणे होय. हे नुसते मत नाही. त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. तो आज थोडा सविस्तर सांगतो.

जन्मलेल्या बाळाच्या मेंदूचे वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाव हिस्सा असते. दोन वर्षांचे होईपर्यंत ते जवळजवळ पाऊण हिश्शाच्या पुढे जाते आणि सहाव्या वर्षापर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचते. या काळात मज्जापेशींची संख्या फारशी वाढत नाही. वाढतात ते त्यांच्यातले जोड. जे जोड वापरात येतात ते पक्के होतात, जे पडून राहतात ते छाटले जातात. मज्जातंतूंवर हळूहळू एक स्निग्ध आवरण चढते आणि त्यामुळे संदेश वेगाने धावू लागतात. आता लहान मूल हे जोड वापरते कशाने? त्याला वाचता येत नाही, विचार शब्दांत मांडता येत नाही. त्याच्याजवळ हात, पाय, डोळे, कान, तोंड आणि त्वचा आहे. पकडणे, फेकणे, चाटणे, चढणे, पडणे हीच त्याची वाचनमाला.

डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. वजनाने तो एकंदर मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा, पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक मज्जापेशी एकट्या त्याच्यात असतात. आम्ही शिकत असताना लहान मेंदू म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ, इतकेच परीक्षेत लिहायचो. आता असे दिसून आले आहे की भाषा, लक्ष देणे, क्रम लावणे यांतही त्याचा सहभाग असतो. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मूल गिरकी घेते, झोळीत झुलते, तेव्हा त्या नलिका मेंदूला डोके कुठे आहे ते कळवतात. डोके हलत असतानाही नजर एका ठिकाणी टिकवण्याची किमया याच यंत्रणेची. फळ्यावर बघून वहीत उतरवणाऱ्या मुलाला आणखी काय लागते?

१९६३ साली हेल्ड आणि हाइन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. जत्रेतल्या पाळण्यासारखे एक लहानसे फिरते यंत्र. त्याच्या एका बाजूला एक पिल्लू जुंपलेले. ते स्वतःच्या पायांनी चाले. दुसऱ्या बाजूला टोपलीत बसवलेले दुसरे पिल्लू. पहिले चालले की हे आपोआप फिरे. दोघांच्या डोळ्यांसमोरचे दृश्य सारखेच. उरलेला वेळ दोघेही अंधारात. काही आठवड्यांनी पाहिले तर चालणाऱ्या पिल्लाला खोली-उंचीचा अंदाज होता, ते कडेवरून मागे सरत होते. टोपलीतल्या पिल्लाला दिसत होते, पण दिसलेल्याचा अर्थ लागत नव्हता. समोरून वस्तू अंगावर आली तरी ते डोळे मिटत नव्हते. पुढे मोकळे सोडल्यावर तेही लवकरच सावरले, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट. मुलांना मोबाइलवर जग दाखवणाऱ्या पालकांनी ही टोपली जरा डोळ्यांसमोर आणावी.

माणसाच्या मुलांबद्दल बोलायचे तर नुकत्याच चालू लागलेल्या मुलांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एक ते दीड वर्षाची मुले मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात! तासाला सतरा वेळा पडून पुन्हा उठणारे मूल एका जागी बसत नाही म्हणून आपण त्याला औषध मागतो.

आता हाताकडे वळू. मनगटात आठ छोटी हाडे असतात. नवजात बाळाच्या हाताचा एक्स-रे काढला तर ती सहसा दिसतच नाहीत, कारण तिथे अजून कूर्चा असते. वर्षागणिक एकेक हाड कठीण होत जाते. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत त्यांतली बहुतेक दिसू लागतात आणि शेवटचे तर नऊ ते बाराच्या दरम्यान. बोटांचे बारीक स्नायूही खांदा आणि दंडाच्या मोठ्या स्नायूंनंतर ताब्यात येतात. म्हणजे खांदा आधी, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटे. आपण मात्र शेवटापासून सुरुवात करतो! तीन वर्षांच्या मुलाच्या हाती शिसपेन्सिल देऊन दोन ओळींच्या मध्ये 'अ' बसवायला सांगतो. ते मूल पेन्सिल मुठीत धरते, सगळा दंड आवळते, जीभ बाहेर काढते, दोन ओळींत थकते आणि उठून पळते. त्यावर शाळेचा शेरा, 'लेखनात रस नाही.'

लेखनाची खरी तयारी घरात फुकट होते. कणकेचा गोळा मळायला द्या. वाटाण्याच्या शेंगा सोलायला, लसणाच्या पाकळ्या सुट्या करायला बसवा. ओल्या रेतीत बोटाने रेघा मारू द्या. आपल्या करंज्यात तर शिंपले वेचायला लांब जावे लागत नाही. मोठे, छोटे, पांढरे, तपकिरी असे वेगळे करणे हेच गणिताचे पहिले पान. घरात जाळे विणणारे कोणी असेल तर त्याच्या शेजारी दोरीचा एक तुकडा घेऊन मुलाला बसू द्या. गाठ मारता येणाऱ्या बोटांना अक्षर जड जात नाही, असे माझे इतक्या वर्षांचे निरीक्षण आहे.

कोणी म्हणेल, डॉक्टर आता शिक्षणतज्ज्ञ झाले. तसे नाही. ही गोष्ट याच मातीतल्या दोन बायकांनी पाऊणशे वर्षांपूर्वी करून दाखवली. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केले, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला आणि १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरमधल्या, बोर्डी गावी आल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गावातल्या गरीब वस्त्यांतली मुले बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झाले. तिथली आदिवासी मुले गुरे घेऊन रानात जात; म्हणून शाळा कुरणात गेली, ती 'कुरणशाळा'. माँटेसोरीबाईंची महागडी साधने परवडणारी नव्हती, त्याऐवजी दगड, बिया, पाने, शंखशिंपले आले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हे मराठी नाव देशभर गेले. नाव गेले, अंगण मात्र अनेक ठिकाणी मागेच राहिले. आज एका खोलीत वजनकाटा, पोषण आहाराची पाकिटे, नोंदवह्यांचे कपाट आणि मधल्या चार हातांत वीस मुले, असे दृश्य किती ठिकाणी दिसते ते सेविकाताईंनाच विचारा. त्यात त्या ताईंचा दोष नाही.

खासगी बालवर्गांचे तर विचारूच नका. दर्शनी भिंतीवर कार्टूनची चित्रे, आत गुडघ्याला गुडघा लावून बाक, आणि बाहेर असलेली मोकळी जागा व्हॅन लावायला. १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्याबद्दल अहवाल दिला. बालवर्गात प्रवेशासाठी मुलाखती-परीक्षा नकोत, असे त्यात होते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हा वयोगट एकत्र धरून खेळातून शिक्षणावर भर दिला. कागद तयार आहेत. पण प्रवेश घेताना आपण पालक काय विचारतो? "इंग्लिश कधीपासून? कॉम्प्युटर आहे का?" पटांगण किती, मुले दिवसातून किती वेळ बाहेर असतात, हे विचारणारा पालक मला तरी अजून भेटायचा आहे. तो प्रश्न विचारणारे दहा पालक निघाले तर व्हॅनची जागा बदलायला वेळ लागणार नाही.

पालकांची बाजूही मला कळते. मासेमारीत पूर्वीसारखे राहिले नाही. बाप खोल समुद्रात आठ-आठ दिवस जातो किंवा कंटेनर यार्डात पाळी करतो, आई पहाटे पाटी घेऊन बाजार गाठते. आपल्या पोराला हे करावे लागू नये म्हणून पोटाला चिमटा घेऊन फी भरली जाते. वहीत काळे झालेले पान दिसले की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. गुडघा मातीने भरून आलेले मूल पाहून तसे वाटत नाही. शिवाय मूल मोकळे सोडा म्हणणे सोपे आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उरणच्या रस्त्यावरचे ट्रेलर. म्हणून मी 'सोडून द्या' म्हणत नाही, 'सोबत न्या' म्हणतो. पाण्याजवळ लहान मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये. एक जाणते माणूस, आजोबा असले तरी चालेल, आणि आळीतली पाच-सहा मुले एवढे पुरे.

किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल हवी. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्यातला एक तास दम लागेल अशा खेळाचा हवा. दोन वर्षांच्या आत मोबाइल-टीव्ही नकोच. दोन ते चार वर्षांत तासाभराच्या आत, आणि जितका कमी तितका बरा. तीन-चार वर्षांच्या मुलाला झोप दहा ते तेरा तास. तीन तास ऐकून घाबरू नका. अंगण झाडणे, पाण्याची छोटी कळशी उचलणे, देवळापर्यंत चालत जाणे हे सगळे त्यातच मोजायचे.

अगदी तान्ह्या बाळासाठी एक सूचना. झोपवताना नेहमी उताणे झोपवा. पण जागे असताना, तुम्ही समोर असताना, दिवसातून थोड्या थोड्या वेळाने मिळून अर्धा तास पालथे ठेवा. मान, खांदे, पाठ यांची ताकद तिथून येते. आणि चाकांचा, मध्ये बसवायचा तो प्लास्टिकचा वॉकर कृपा करून आणू नका. त्याने मूल लवकर चालत नाही. पायरीवरून किंवा चुलीवर जाऊन आदळण्याचा धोका मात्र वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा शहाणा. त्यात मूल बसत नाही, उभे राहून स्वतः ढकलते.

माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग मात्र वेगळाच आहे. 'बसत नाही' या तक्रारीचे मूळ औषध म्हणजे थांबायला शिकणे, आणि थांबणे शिकवतात हालचालीचेच खेळ. तळ्यात-मळ्यात आठवा. कान लावून ऐकायचे, नियम डोक्यात धरायचा, 'मळ्यात' म्हटले तरच उडी मारायची आणि फसवून दुसऱ्यांदा 'मळ्यात' म्हटले तर सुटू पाहणारा पाय जागीच आवरायचा. अमेरिकेतल्या संशोधकांनी लहान मुलांचा आत्मसंयम मोजायला असाच एक खेळ बनवला आहे. डोक्याला हात लावा म्हटले की मुलाने पायाचे अंगठे धरायचे, अंगठे म्हटले की डोके. ज्यांना हे जमते ती मुले पुढे गणितात आणि भाषेतही सरस ठरतात, असे त्यांना आढळले. आपल्या पणज्यांनी त्यासाठी कुठलेही अनुदान घेतले नव्हते! लंगडीत एका पायावर तोल धरून दुसऱ्याला हेरायचे, शिवणापाण्यात दिशा बदलायची, आंधळ्या कोशिंबिरीत आवाजावरून अंतर ओळखायचे, फुगडीत समोरच्याच्या वजनावर आपले वजन तोलायचे. यांत स्वतःचा नंबर येईपर्यंत वाट पाहणेही आले, आणि हरल्यावर रडून पुन्हा खेळायला येणेही.

इथे एक सावधगिरीची सूचना. हालचालीने मेंदू वाढतो म्हटले की बाजार लगेच जागा होतो. दहा-बारा वर्षांपूर्वी 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन' नावाचे वर्ग गावोगाव निघाले होते. हजारो रुपये घेऊन मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवत. नाकाच्या बाजूच्या फटीतून दिसते, इतकेच त्याचे शास्त्र. डावा मेंदू-उजवा मेंदू जोडणारे ठराविक व्यायामही अधूनमधून विकले जातात. त्यांच्या दाव्यांना भक्कम पुरावा नाही. खेळाने मूल अलौकिक होत नाही. पोटभर जेवण, झोप, घरातल्यांचे बोलणे आणि गोष्टी यांच्या जोडीला हालचाल हवी, असे माझे म्हणणे आहे. रांगण्याबद्दलही असाच एक बाऊ आहे. काही मुले रांगत नाहीत, बुडाने सरकतात आणि थेट उभी राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत, ज्यात भारतातली मुलेही होती, शंभरात चार-पाच मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती. बाकी सगळे ठीक असेल तर आजीने देव पाण्यात ठेवायचे कारण नाही.

पावसाळ्यात अंगणात चिखल असतो, हे खरे. मग घरात जुनी साडी आढ्याला घट्ट बांधून झोका करा, पण खाली मोठे माणूस हवे. उशांची रांग लावून त्यावरून चालायला लावा. खडूने फरशीवर ठिकरीचे घर काढा. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला असतात आणि वडीलही घरी असतात. त्यांच्या पाठीचा घोडा होऊ द्या. वर्षाचे उरलेले दहा महिने हा घोडा मिळत नाही.

आता दवाखान्यात कधी यायचे ते. चार महिन्यांनंतरही मान धरत नसेल, नऊ महिन्यांनंतर आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्ष झाले तरी चालत नसेल, तर वाट पाहू नका. वर्षाच्या आतच मूल कायम एकच हात वापरत असेल, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटत असेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट येईनाशी झाली असेल, तरीही तसेच. याउलट एखादे मूल खेळायलाच उठत नाही, लवकर दमते, माती-खडू खाते, तर पापणी खाली ओढून बघा. फिकी दिसली तर रक्त कमी असण्याची शक्यता मोठी. लोह कमी पडलेल्या मुलाचे लक्षही लागत नाही, त्याला खेळ सांगून उपयोग नाही, आधी लोह द्यावे लागते. अंगणवाडीतून मिळणारे लोहाचे पातळ औषध आणि जंताची गोळी कपाटात ठेवू नका, मुलाला द्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत येऊन मुलांची मोफत तपासणी करतात. ते कधी येणार हे सेविकाताईंना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी मुलाला मामाच्या गावी पाठवू नका.